नव्वद नंबरचा हिवाळा

यंदा जळगावात थंडी उशिरा आली, पण आली ती एकदम. परवा संध्याकाळी शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला घेतली आणि भरिताचा तो करपट, गोडसर वास खिडकीतून आत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीच्या गाडीत बसले. तिनं बटण दाबलं आणि गाडी जराही कुरकुर न करता सुरू झाली. मी सहज विचारलं, हिच्यात ऑईल कुठलं घालतेस? गाडी सर्व्हिसिंगला दिली की तेच लोक घालतात, ती म्हणाली. मग मी गिअरबॉक्सच्या ऑईलचं विचारलं, तर तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "त्याला वेगळं असतं?"

मी हसले. तिच्या गाडीत काय असतं ते मला खरंच माहीत नाही. पण ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात याच प्रश्नावर माझी नोकरी, आबांची गाडी आणि आमच्या घरातलं बरंच काही अडून बसलं होतं. लेक कामावर गेली आणि मी दिवसभर त्या हिवाळ्यातच राहिले.

तेव्हा आम्ही धुळ्याला होतो. देवपुरात, पांझरा नदीच्या अलीकडे, पुढे अंगण आणि अंगणात कडुनिंब असलेलं भाड्याचं घर. माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. आबा म्हणजे माझे सासरे. गुरांचे डॉक्टर, नुकतेच सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे मायनर नावाची एक जुनी विलायती मोटार होती. एका मिशन दवाखान्यातले डॉक्टर मायदेशी परत जाताना ती त्यांनी आबांना विकली होती. फिकट हिरवी, गोल पाठीची, पुढचे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे. सासूबाई तिला बेडकी म्हणायच्या. आबांनी ती साक्रीपासून शिरपूरपर्यंतच्या खेड्यापाड्यांत फिरवली होती. मागच्या सीटवर औषधांची पेटी, कधी एखादं आजारी कोकरू, आणि परतताना शेतकऱ्यानं प्रेमानं ठेवलेलं वांग्याचं नाहीतर हरभऱ्याचं गाठोडं. आपल्या माणसाच्या हातात अशी गाडी पाहून वस्तीतली पोरं मागं धावायची, असं आई, म्हणजे सासूबाई, सांगायच्या. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी इतर कशाबद्दल बोलताना फारसं पाहिलं नाही.

त्या वर्षी आबांच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण नजर पहिल्यासारखी आली नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. मग मायनर कडुनिंबाखाली उभी राहिली. रोज सकाळी आबा तिच्या टपावरचा पाला काढायचे, काचा पुसायचे आणि आत येऊन पेपर वाचायचा प्रयत्न करायचे. माझे मिस्टर पाटबंधारे खात्यात, चोपड्याला नेमणुकीवर. शनिवारी यायचे आणि रविवारी परत जायचे. ते स्कूटरवाले, गाडीत त्यांना रस नव्हता. जळगावचे एक कापसाचे व्यापारी, जुन्या गाड्यांचे शौकीन, संक्रांतीनंतर येऊन गाडी बघणार आणि पसंत पडली तर घेऊन जाणार, असं ठरलं होतं. आबा त्यांना हो म्हणाले होते. त्याविषयी घरात पुन्हा बोलणं झालं नव्हतं.

मी शिक्षिका होते, तेही नवीच. पारोळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत गणित शिकवायचे. दहावीची परीक्षा जवळ आली तशी मुख्याध्यापकांनी गणिताचा जादा तास सकाळी शाळा भरण्याआधी ठेवला. पोरांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, कारण अर्धा वर्ग भूमितीला घाबरून बसलेला. पण माझी एसटी त्या वेळेला पोचायची नाही. एक गाडी फार आधी, पहाटेच्या अंधारात, तीही कधी येई कधी न येई. दुसरी यायची तोवर तास संपलेला. मुख्याध्यापक सज्जन होते. त्यांनी मला खोलीत बोलावून शांतपणे सांगितलं, की पुढच्या महिन्यापर्यंत जमलं नाही तर ते दुसरी सोय बघतील, आणि मी राग मानू नये. मला राग नाही आला. घरी येताना बसमध्ये मी एसटीच्या वेळा पुन्हा पुन्हा जुळवून पाहत राहिले.

त्या संध्याकाळी चहा पिताना मी हे सांगितलं. आबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू चालवशील का मायनर?"

सून गाडी चालवणार, ही कल्पना तेव्हाच्या देवपुरात अगदी अशक्य नव्हती, पण फार कुणी करून पाहिलेली नव्हती. मला वाटलं आई नको म्हणतील. त्या निवडत होत्या त्या मेथीच्या जुडीवरून मानही वर न करता त्यांनी इतकंच विचारलं, की मग शाळेतून येताना मला बाजारातून आणशील का. झालं, तिथेच ठरलं.

आबा मला शिकवायला लागले. सकाळी कॉलेजच्या मोकळ्या मैदानावर आम्ही जायचो. गवतावर दव, तोंडातून वाफ, आणि मैदानाच्या कडेला शेकोटीभोवती बसलेले रखवालदार आमच्याकडे बघत. क्लच, ब्रेक, स्टिअरिंग सगळं मला लवकर आलं. पण गिअर पडेना. पहिला कसाबसा पडायचा. दुसऱ्यात टाकायला गेलं की दांडा मध्येच अडायचा, जोर लावला की आतून खर्रकन ओरडल्यासारखा आवाज यायचा आणि आबा डोळे मिटून घ्यायचे. तिसऱ्यातून परत दुसऱ्यात येणं तर नाहीच. माझ्या तळहाताला फोड आला. तो फुटला, त्यावर दुसरा आला. रखवालदारांपैकी एकानं आबांना समजावून सांगितलं, की बाईमाणसाच्या हातात तेवढा जोर नसतो, उगाच गाडीचं नुकसान. शेजारचे लोकही तेच म्हणाले. मिस्टर शनिवारी आले, माझा हात पाहिला आणि फार मायेनं म्हणाले, "जाऊ दे गं, दुसरी नोकरी मिळेल." त्यांच्या मायेनं मला जास्त वाईट वाटलं. त्या रात्री जेवताना मीही म्हणाले, की माझ्या हातातच जोर नाही. तेव्हा आई पहिल्यांदा रागावल्या. आमच्या घरात आई आणि आबा एकमेकांशी अहिराणीत बोलायचे, माझ्याशी मात्र आई शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. रागावल्या की तो प्रयत्न सुटायचा. "तुना हात भाकरी थापाले कमी पडस का?" त्या म्हणाल्या. "मंग गिअरलेच कसा कमी पडस?"

मला तो प्रश्न तेव्हा नुसता प्रेमाचा वाटला. तो बिनतोड होता, हे नंतर कळलं.

इथे माझ्या माहेराबद्दल सांगायला हवं. माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, पाचोऱ्याला स्टेशनजवळ ऑईल आणि ग्रीसचं दुकान चालवायचे. विहिरीवरची इंजिनं, ट्रॅक्टर, ट्रक, जिनिंगची यंत्रं, सगळ्यांसाठी लागणारं ऑईल. मी त्या वासात वाढले. इंजिनाच्या नव्या ऑईलला फारसा वास नसतो, असला तर मेणबत्तीसारखा. वापरलेल्या ऑईलला काजळीचा येतो. आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या मागच्या गिअरांत घालतात त्या जाड ऑईलला, ज्याला सगळे नव्वद नंबर म्हणतात, एक उग्र, गंधकासारखा, नाकात बसणारा वास असतो. लहानपणी भाऊ घरी आले की त्यांच्या सदऱ्याला तो यायचा.

एका सकाळी मैदानावर बराच वेळ झटापट झाली. गाडी तापली. मी दमून स्टिअरिंगवर डोकं टेकवलं, आणि मला एकदम माहेरची आठवण आली. इतकी, की डोळे भरून आले. जरा वेळानं लक्षात आलं की ही आठवण उगाच आलेली नाही. गाडीत भाऊंच्या सदऱ्याचा वास येतोय. पायाशी पसरलेलं कापड मी बाजूला केलं. गिअरच्या दांड्याजवळ पत्र्याला एक भोक होतं आणि त्यावर रबराचं सैल झालेलं बूच. बूच काढलं तर वास भपकन वर आला. मी आबांना विचारलं, गिअरबॉक्समध्ये काय घातलंय. ते म्हणाले, युसूफभाईंना माहीत.

युसूफभाई म्हणजे आग्रा रोडवरचे गॅरेजवाले. आबांचे जुने मिस्त्री होते दगडूमिस्त्री. ते दोन वर्षांपूर्वी मुलाकडे सुरतेला राहायला गेले होते, आणि तेव्हापासून मायनर युसूफभाईंकडे जायची. त्यांचा हात चांगला होता आणि स्वभाव त्याहून चांगला. त्यांनी सरळ सांगितलं, की जीप असो, ट्रक असो, मोटार असो, गिअरबॉक्समध्ये आपण नव्वदच घालतो, गिअरला जाड ऑईलच लागतं. पटण्यासारखं होतं. पण माझ्या मनात काहीतरी अडकलं होतं. थंडीत भाऊंच्या दुकानात नव्वद नंबरचं पिंप तिरपं केलं तरी ऑईल हलायचं नाही, काकवीसारखं लोंबत राहायचं. एवढ्याशा गाडीच्या एवढ्याशा गिअरांनी त्यातून कसं फिरायचं?

आबांकडे गुरांना औषध पाजायची मोठी पिचकारी होती. तिला रबरी नळी लावून मी त्या भोकातून थोडं ऑईल ओढलं, औषधाच्या बाटलीत भरलं आणि रविवारी पाचोऱ्याची एसटी धरली.

दुकानात दुपारची सुस्ती होती. भाऊ खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. मला बघून उठले, घरी चल म्हणाले. मी आधी बाटली पुढे केली. त्यांनी एक थेंब अंगठा आणि बोटात चोळला, नाकाशी नेला आणि विचारलं, "कुठल्या ट्रकचं काढलंस?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, अर्ध्या संत्र्याच्या फोडी माझ्या हातात देत. मग म्हणाले, की मायनर त्यांनी कधी खोललेली नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाहीत. पण त्या काळच्या काही लहान विलायती गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच ऑईल घालायचे, असं त्यांनी जुन्या मिस्त्र्यांकडून ऐकलं होतं. तसं असेल तर नव्वद दोन बाजूंनी वाईट. एक, थंडीत ते इतकं घट्ट होतं की आतल्या पितळी रिंगांना गिअर थोपवून धरता येत नाही. दुसरं, त्यात जे गंधकाचं औषध असतं, ते पोलादाला राखतं पण पितळेला खातं. "गाडी आधी कोण बघायचं?" त्यांनी विचारलं. "तो काय ओतायचा, एवढं शोध."

दगडूमिस्त्री सुरतेत कुठं राहतात हे कुणालाच माहीत नव्हतं. उरले आबा. मी परत येऊन त्यांना विचारलं. त्यांनी डोकं हलवलं. कधी लक्षच दिलं नव्हतं. मी दौऱ्यावरून येऊन गाडी सोडायचो आणि खुर्ची टाकून पेपर वाचायचो, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पाणी तापवत होते, तर आबा दात घासता घासता तसेच माझ्याकडे आले. तोंडात पेस्ट, हातात ब्रश. खूण करून थांब म्हणाले, चूळ भरली आणि मग सांगितलं. एकदा त्यांनी दगडूमिस्त्रींना झापलं होतं. मिस्त्रींनी एकाच डब्यातलं ऑईल आधी इंजिनात ओतलं, मग उरलेलं पायाशी बूच काढून आत ओतलं. आबांना वाटलं, आळसापायी करतोय, दुसरा डबा आणायला नको म्हणून. दगडूमिस्त्री हसले आणि हिचं एकाच ताटात जेवण असतं म्हणाले. आबांना तो विनोद वाटला होता.

मला त्या सकाळचं सगळं आठवतं. बंबातून निघणारा धूर, निंबावरच्या साळुंक्या, आणि आबांच्या ओठाच्या कोपऱ्याला राहिलेला पेस्टचा पांढरा ठिपका. निवृत्तीनंतर इतक्या घाईनं ते कधी कुणाकडे आले नव्हते.

पण एवढ्यानं काम भागत नव्हतं. युसूफभाई ऐकून काळजीत पडले. त्यांची भीती खोटी नव्हती. पातळ ऑईलनं गिअर घासले गेले तर या गाडीचे पार्ट कुठून आणायचे? मुंबईतही मिळतील याची खात्री नाही. जळगावच्या शेटजींना शब्द दिलेला. मोडकी गाडी ते कशाला नेतील? आणि शाळा तर जाईलच. सगळा भरवसा एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर आणि माझ्या नाकावर. आम्ही अंगणात उभे होतो. युसूफभाई गाडीला टेकून, आबा काठी टेकून. आई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या आबांकडे बघून म्हणाल्या, "उभी गाडी आनि मोडेल गाडी, काय फरक शे?"

आबा युसूफभाईंना म्हणाले, "काढा."

गाडी थोडी फिरवून गरम केली, कारण गार ऑईल नीट निथळत नाही. युसूफभाईंनी खाली सरपटत जाऊन बोल्ट सैल केला. जुन्या घमेल्यात ऑईल पडायला लागलं, जाड, सावकाश, तपकिरी. ते निथळून झालं तेव्हा युसूफभाईंनी तळातलं थोडं तळहातावर घेतलं आणि उन्हात तिरपं केलं. त्यात बारीक पिवळी चमक होती, हळदीच्या कणांसारखी. त्यांनी ती अंगठ्यानं पसरून पाहिली, मला दाखवली, मग आबांच्या डोळ्यांजवळ नेली.

"पितळ आहे, ताई," ते म्हणाले. "भाऊ बरोबर बोलले."

नवं ऑईल मी पाचोऱ्याहून आणलेलं होतं. थंडीसाठी तीस नंबर. ओतायचं काम आबांनी मागून घेतलं. त्यांना भोक नीट दिसत नव्हतं, म्हणून मी नरसाळं धरलं आणि त्यांचा हात धरून डबा त्यावर आणला. ऑईल सोनेरी होतं, उन्हात मधासारखं दिसत होतं, आणि आवाज न करता आत जात होतं. मागच्या चाकांमधल्या पेटीत मात्र नव्वदच राहू दिलं. तिथे तेच लागतं, याबद्दल भाऊ आणि युसूफभाई यांचं एकमत होतं. मला ते फार आवडलं. ऑईल वाईट नव्हतं, त्याची जागा चुकली होती.

मग मी बसले. शेजारी आबा. युसूफभाई फाटकाशी. पहिला टाकला, क्लच सोडला, गल्लीतून बाहेर पडले आणि दांडा दुसऱ्याकडे ओढला. सवयीनं जोर लावला होता, पण लावायची गरज नव्हती. तो नुसता गेला. लोण्यात सुरी जावी तसं म्हणतात, तसंही नाही. थोडा हिसका देऊन, पितळ झिजल्याची आठवण ठेवून, पण गेला. तिसरा गेला, चौथा गेला. पारोळ्याच्या रस्त्याला दोन्हीकडे हरभरा आणि रब्बीच्या दादर ज्वारीची शेतं, ज्वारीची कणसं थंडीत मान खाली घालून उभी. फागणे गावाच्या आधी मी मुद्दाम तिसऱ्यातून दुसऱ्यात आले. ओरडली नाही. एक वेगळा आवाज मात्र येत होता, एकसुरी, बारीक, भुंगा गुणगुणतो तसा. मी घाबरून आबांकडे पाहिलं. ते मान हलवत होते. हा तिचाच आवाज आहे, ते म्हणाले, दोन वर्षं ऐकला नव्हता; गिअर जड झाले तेही मला तिच्या वयामुळंच वाटलं होतं. युसूफभाईंनीही नंतर तेच सांगितलं. जाड ऑईल हा आवाज दाबून टाकतं. आता तो राहणार, आणि पातळ ऑईल खाली थोडं गळणारही. त्यावर आईंनी एक जुनी परात गाडीखाली ठेवायला काढून दिली.

त्या रात्री मी ताटावर बसले तेव्हा माझ्या हाताकडे बघत होते. हात तोच होता.

इंजिनाचा प्रश्न पुढच्या आठवड्यात निघाला. तेव्हा धुळ्याच्या दुकानांतून वीस-चाळीस नावाचं ऑईल नव्यानं दिसायला लागलं होतं. हिवाळा-उन्हाळा एकच, बदलायला नको. मला ते पटलं होतं, युसूफभाईंनाही. भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, की ऑईल उत्तम आहे, पण ते धुतं. इतक्या वर्षांची काजळी इंजिनात आपापल्या जागी बसलेली आहे, ती एकदम सुटली तर जाऊन जाळीत अडकेल आणि वर ऑईलच चढणार नाही. आबांना हे लगेच समजलं. म्हाताऱ्या बैलाचा चारा एकदम बदलला की पोट फुगतं, तो हळूहळू बदलावा लागतो, ते म्हणाले. मग आम्ही तीसच ठेवलं, थोडंच चालवून ते काढलं, परत ताजं घातलं. पहिलं निघालं ते शाईसारखं काळं, दुसरं थोडं कमी. आबा प्रत्येक वेळी खुर्ची टाकून शेजारी बसायचे. पेपर नसायचा हातात.

शाळेत मी वेळेवर पोचू लागले. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक व्हरांड्यात उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घंटा द्यायला सांगितलं. वाटेतल्या वस्तीवरच्या तीन-चार मुली रोज पायी यायच्या, त्या मागं बसू लागल्या. त्यांच्या दप्तरांतून चटणी-भाकरीचा वास यायचा आणि त्या पूर्ण रस्ताभर मोठ्यानं प्रमेयं म्हणायच्या. उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा त्या सगळ्या गणितात पास होत्या. त्यातली एक आता जळगावातच असते. भाजीबाजारात भेटली की अजून गाडीचं विचारते.

मिस्टरांना मी काही कळवलं नव्हतं. शनिवारी आले तेव्हा मी त्यांना स्टँडवर घ्यायला गेले. ते आधी मागं बघत राहिले, चालवत कोण आलंय म्हणून. घराजवळ त्यांनी किल्ली मागितली, स्वतः बसले, गिअर टाकून पाहिला, काढून पाहिला, परत टाकला. रविवारी दिवसभर त्यांना बाहेरची कामं आठवत होती. एकदा तर फक्त काड्यापेटी आणायला गेले.

संक्रांतीनंतर जळगावचे शेटजी ठरल्याप्रमाणे आले. आबांनी त्यांना बसवलं, तिळगूळ दिला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, काचेतून आत डोकावले. माझी सून चालवते, आबा म्हणाले. शेटजींनी मला नमस्कार केला आणि ऑईल कुठलं घालता म्हणून विचारलं. त्यांच्याकडेही त्याच जातीची एक गाडी होती आणि तिचे गिअर थंडीत पडत नव्हते. त्यांची जेवायची वेळ होईपर्यंत आबा त्यांना समजावून सांगत होते. शेवटी ते भरीत-भाकरी खाऊनच गेले.

होळी झाली आणि खानदेशी ऊन सुरू झालं. रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटू लागलं, अंगणातल्या निंबाला मोहर आला. भाऊंनी निरोप पाठवला, की आता तीस काढा, चाळीस घाला, नाहीतर तापल्यावर पाण्यासारखं होईल. ते आणायच्या निमित्तानं आम्ही तिघं, मी, आबा आणि आई, पहिल्यांदाच मायनरनं पाचोऱ्याला गेलो. पारोळ्यावरून भडगाव, मग पाचोरा. दुकानासमोर गाडी थांबवली तेव्हा भाऊ बाहेर आले. दोघांनी एकमेकांना जयभीम केला, आणि मग भाऊ बॉनेटजवळ कान देऊन उभे राहिले. आबा त्यांच्याकडे बघत उभे, एखाद्या पेशंटचा मालक डॉक्टरकडे बघतो तसे. भाऊंनी मान डोलावली. त्यानंतर दोघं दुकानातल्या बाकावर बसले ते घरून जेवायला तीनदा बोलावणं येईपर्यंत. लग्न ठरवताना ते दोघं जेवढं बोलले नव्हते, तेवढं त्या दुपारी बोलले.

परतताना ऊन कललं होतं. काचा खाली केलेल्या, वारा गरम पण सहन होण्याजोगा. आबा शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय सतत ब्रेक शोधायचा, समोर बैलगाडी आली की ते श्वास धरायचे. मी त्याकडे लक्ष न द्यायला शिकले होते. भडगाव मागं पडलं, तसा त्यांचा आवाज यायचा थांबला. पारोळ्याच्या चढावर मी खालचा गिअर टाकला, तरी ते काही बोलले नाहीत. मागून आईंनी माझ्या खांद्याला हात लावला. "त्या झोपी जायेल शेतस," त्या हळूच म्हणाल्या. "उठाडू नको त्यास्ले."

मी तिरप्या नजरेनं पाहिलं. मान एका बाजूला, चष्मा नाकावर उतरलेला, दोन्ही पाय सैल. आई म्हणाल्या, चालवणारा मित्र असो, एसटीवाला असो, की सरकारी ड्रायव्हर, हा माणूस चालत्या गाडीत आजवर कधी झोपलेला नाही.

घरी आलो. अंगणात गाडी आणली, पण इंजिन बंद केलं नाही, एकदम शांत झालं तर जाग येईल म्हणून. आई दार उघडून आत गेल्या. मी तशीच बसून राहिले. निंबाचा मोहर टपावर पडत होता, काही काचेतून आत. बऱ्याच वेळानं आबांनी डोळे उघडले, समोरचं घर ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "मीच चालवतोय."